सुईत दोरा जातो तोवर

आमच्या घरात डोळे तपासायची एकच रीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात झेंडूचे ढीग पडले, की हार ओवायला बसण्याआधी बाबा सुईत दोरा घालून दाखवायचे आणि मग ती सुई घरभर फिरायची. ज्याचा दोरा पहिल्या खेपेला गेला त्याचे डोळे शाबूत. ज्याचा चुकला त्याला ओवणाऱ्यांतून उठवून फुलं निवडायला बसवायचं आणि वर्षभर चिडवायचं. मायचा दोरा पंचेचाळिशीत चुकला तेव्हा बाबा म्हणाले, "आता तू फुलं निवड, पण गोटे नको टाकू टोपल्यात." माय त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही.

नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला आमची दोन एकर फुलशेती. काकडा, शेवंती, निशिगंध आणि दसरा-दिवाळीला झेंडू. अमरावतीत देवीच्या देवळाच्या वाटेवर हाराचं छोटं दुकान. आधी बाबा तिथे बसायचे, आता माझा धाकटा भाऊ बसतो. मी शिकले, शिक्षिका झाले आणि लग्न होऊन अकोल्याला गेले. तरी दसऱ्याला माहेरी जायची आणि सुई धरायची. माझा दोरा कधीच चुकला नाही. याचा मला किती गर्व होता हे आता सांगायला लाज वाटते.

बाबांचाही दोरा चुकला नाही. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, चष्मा वर सरकवून, एका दमात. "पाय, गेला," म्हणून त्यांनी सुई आमच्यासमोर नाचवली. त्याच दिवशी दुपारी वाटेत ठेवलेल्या पाण्याच्या बादलीला त्यांचा पाय लागला आणि ओलं फडकं टाकून झाकलेली सगळी शेवंती भिजली. मी ओरडले. खरं तर ते दोन वर्षांपासून असंच करत होते. दाराच्या चौकटीला कपाळ आपटायचं, बाजूला ठेवलेला कप सांडायचा, रस्त्यात कुणी नमस्कार केला तर तसेच पुढे निघून जायचं. लोक म्हणायचे, म्हातारा शिष्ट झाला. आम्ही म्हणायचो, लक्ष नसतं.

"बाबा, पाहून चालत जा ना," मी म्हणाले.

"पाहूनच चालून राहिलो वं," ते म्हणाले. आणि ते खरंच पाहून चालत होते, पण त्यांना दिसत होतं तेवढंच पाहून.

दिवाळीनंतर चौकात डावीकडून आलेल्या मोटरसायकलनं त्यांना पाडलं. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात पडल्या पडल्या ते एकच सांगत होते, "गाडी नव्हतीच तिथी. मी पायलं. नव्हतीच." मोटरसायकल चालवणारा तिथेच हात जोडून उभा होता, म्हणून आम्हाला हसू आलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला खोलीत नेऊन समजावलं. भाऊ तेव्हा खाली औषधं आणायला गेला होता. काचबिंदू, ते म्हणाले. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं आणि मधलं शेवटपर्यंत टिकतं, म्हणून माणसाला कळतच नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "पण ते सुईत दोरा ओवतात, पहिल्या खेपेला." ते म्हणाले, "ओवतील ना. सुई नाकासमोर असते."

मग त्यांनी सांगितलं, की गेलेलं दिसणं परत येत नाही, पण रोज औषधाचे थेंब टाकले तर उरलेलं बरंच धरून ठेवता येतं. बाबांचं मात्र फारच थोडं उरलंय. आणि शेवटी म्हणाले, "हे घराण्यातून येतं. तुम्ही भावंडं तपासून घ्या. दरवर्षी. चुकवू नका."

मी हो म्हटलं आणि बाहेर आले. भाऊ औषधाची पिशवी घेऊन जिना चढून आला होता. मला त्याला ते वाक्य सांगायचं होतं. पण माझ्या तोंडून आधी दुसरंच निघालं.

"तू रोज त्यायच्या बाजूला बसतं, तुले समजलं नाही?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "तू मास्तरीण ना? शाळेत पोरायचे डोये तपासत होती ना? मंग तुले काहून नाही समजलं?"

ते खरं होतं. दरवर्षी वर्गात अक्षरांचा तक्ता टांगून मी मुलांना एकेक डोळा झाकायला लावायची आणि ओळी वाचून घ्यायची. आणि खरं कुणी तोंडावर सांगितलं की मला राग येतो. हा स्वभाव मायकडून आलाय. मी त्याला आणखी चार गोष्टी सुनावल्या, त्यानं मला सुनावल्या, आणि डॉक्टरांचं वाक्य माझ्यापाशीच राहिलं. जाऊ दे, नंतर सांगू, असं मी मनात म्हटलं.

ते नंतर आठ वर्षं लांबलं.

मी स्वतः तरी कुठे तपासून घेतलं? इतकं सगळं ऐकूनही मी घरी गेल्यावर काय केलं असेल, तर सुईत दोरा घालून पाहिला. गेला. मग मी निश्चिंत झाले. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण घरची शिकवण काही डोक्यातून गेली नाही.

बाबांचं उरलेलं दिसणं दीड वर्षात गेलं. तरी ते दुकानात बसायचे. भाऊ सकाळी दहा सुयांमध्ये दोरा घालून त्या उशीला टोचून ठेवायचा आणि बाबा दिवसभर त्या सुयांनी हार ओवायचे. हात चालायचे तसेच चालायचे. गिऱ्हाइकांना कळायचंही नाही. बाबा गेले त्या दिवशी उशीला सहा सुया तशाच दोरा घालून राहिल्या होत्या. त्या कुणी काढल्या मला माहीत नाही, कारण तेव्हा भाऊ आणि मी कामापुरतंच बोलत होतो. वर्षभरात माझा नवरा गेला. भाऊ मातीला आला, गेला. मूलबाळ आम्हाला नाही. अकोल्याच्या दोन खोल्यांत मी आणि कुकर एवढेच आवाज करणारे उरलो.

दोन वर्षांपूर्वी मूर्तिजापूरला चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी ठरवून गेले, की आज आपण होऊन बोलायचं. मंडपात भाऊ दिसला. मी गेले आणि त्याच्या डावीकडे, मधे एक खुर्ची सोडून बसले. तो सरळ समोर नवरदेवाकडे बघत होता. मी पदर सारखा केला, खाकरले. त्यानं मान वळवली नाही. बँडचा आवाज होता, पण इतकाही नव्हता. अक्षता पडल्या, लोक उठले, तो उठून पंगतीकडे गेला. मी मात्र न जेवता मंडपातून बाहेर पडले आणि अकोल्याची एसटी धरली. आमच्याकडे लग्नातून कुणी न जेवता गेलं तर त्याची चर्चा चार गावांत होते. झाली असेल. मला माझ्या सख्ख्या भावानं ओळखूनही ओळख दिली नव्हती, त्यापुढे त्या चर्चेची काय मातब्बरी.

त्यानंतर मी जगावरच चिडलेली असायची. भाजी बाजारात लोक कुठूनही अंगावर यायचे. शेजारीण जिन्यात एकदम समोर उगवायची. ओट्यावरचा कप मी ठेवलेल्या जागेवरून सरकायचा आणि फुटायचा. दंडाला दाराच्या कडीचा काळानिळा डाग कायमचा. एका सायकलवाल्याला तर मी भर रस्त्यात म्हटलं, "घंटी काय पूजेला ठेवली आहे का?" तो म्हणाला, "बाई, चार वेळा वाजवली." मला वाटलं, लबाड आहे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी चष्म्याची काडी तुटली म्हणून दवाखान्यात गेले. तक्ता वाचला, अगदी खालच्या ओळीपर्यंत. "माझे डोळे चांगले आहेत, फक्त काडी बदला," असंही म्हटलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, मुलगी असती तर. त्यांनी ऐकलं नाही. डोळ्याचा दाब मोजला, थेंब टाकून आतली नस पाहिली आणि विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता का?"

मग त्यांनी मला एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बटण घट्ट धरून बसले. बराच वेळ काहीच चमकलं नाही. मला वाटलं, लाइट गेली असेल. "यंत्र बंद पडलं का हो?" मी विचारलं. बाहेरून उत्तर आलं, "नाही काकू, चालू आहे. तुम्ही बघत राहा." तेवढ्यात मला बाबांचा आवाज आठवला. गाडी नव्हतीच तिथी. मी पायलं. नव्हतीच. त्या खोलीत मला जितकं एकटं वाटलं तितकं नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान घरात माणसं होती.

डाव्या डोळ्याचं निम्मं गेलं होतं, उजव्याचं थोडं कमी. डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, आता कायमचे. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, हे करून दाखवलं. मग विचारलं, "भावंडं आहेत?"

"एक भाऊ आहे."

"त्यांना सांगितलंत?"

मी म्हटलं, "सांगते." दुसऱ्यांदा तेच ऐकलं होतं आणि दुसऱ्यांदा तेच उत्तर दिलं होतं. या वेळी घाबरले. घरी येऊन भावाला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. काय सांगणार? आठ वर्षांपूर्वीचा निरोप आहे, द्यायचा राहिला म्हणून? तीन दिवस फोन हातात घेऊन ठेवून देण्यात गेले. चौथ्या दिवशी सकाळचा थेंब टाकला आणि अमरावतीच्या एसटीत बसले.

दुकानापाशी पोचले तेव्हा गर्दी ओसरली होती. भाऊ मांडी घालून काकड्याचा गजरा ओवत होता. केस पार पांढरे झालेले. मी पायरी चढले आणि त्याच्या डाव्या हाताला, टोपलीपाशी उभी राहिले. हात लांबवला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता इतकं अंतर. तो ओवत राहिला.

मी थांबले. म्हटलं, ओवून होऊ दे. गजरा पूर्ण झाला, त्यानं गाठ मारली, दोरा तोडला, केळीच्या पानावर ठेवला आणि दुसरी सुई घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. मूर्तिजापूरसारखंच. माझं डोकं सणकलं. एवढ्या उन्हात नव्वद-शंभर किलोमीटर आले आणि याचा रुसवा बघा. मी परत फिरले. एक पायरी उतरलेही.

आणि तिथे, त्या पायरीवर मला समजलं. रुसलेला माणूस निदान चुळबुळ करतो. त्याची सुई अडखळते. याची सुई एकदाही अडखळली नव्हती. तो मला टाळत नव्हता. मी त्याला दिसतच नव्हते.

मी पुढून जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"काहून वं ताई!" तो दचकला. "कवा आली?"

"आत्ताच," मी म्हटलं. टोपली सरकवून समोर बसले.

पाणी झालं, चहा झाला. मी डोळ्यांचा विषय काढला तसा तो हसला आणि माझ्यासमोर सुईत दोरा घालून दाखवला. एका दमात. "पाय, गेला," तो म्हणाला, अगदी बाबांसारखा. मी टोपलीतून एक झेंडू उचलला. म्हटलं, "माह्या नाकाकडं पाय. मान नको हालवू. फूल दिसलं का सांग." आणि फूल त्याच्या डाव्या कानाच्या रेषेतून हळूहळू पुढे आणत गेले. कानापाशी नाही, गालापाशी नाही. फूल जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा तो म्हणाला, "हां, आता." त्यानं ते फूल माझ्या हातातून घेतलं. "आता तू माह्या नाकाकडं पाय," तो म्हणाला, आणि मीही तितक्याच उशिरा म्हणाले, आता.

आम्ही दोघं त्या झेंडूकडे बघत बसलो. मग तो म्हणाला, "मूर्तिजापूरच्या लग्नात तू माह्या बाजूनं गेली, बोलली नाही. मी हात केला होता तुले, पंगतीपाशी."

"मी तुह्या बाजूला बसली होती," मी म्हटलं. "एक खुर्ची सोडून."

दोन वर्षं मी त्याच्यावर चिडले होते, दोन वर्षं तो माझ्यावर. हसावं की रडावं ते कळेना. तो हसला. मी हसू शकले नाही, कारण माझ्यापाशी आणखी एक गोष्ट होती.

दुपारी त्याला घेऊन तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. डावा डोळा बराचसा गेलेला, उजव्यात बरंच उरलेलं. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "सात-आठ वर्षांपूर्वी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं."

भाऊ भोळेपणानं म्हणाला, "कोणी सांगतलंच नाही जी."

मी तिथे गप्प बसू शकले असते. त्याला कधीही कळलं नसतं. बाहेर बाकावर बसलो, औषधानं त्याचे डोळे धूसर झाले होते, उन्हाकडे बघवत नव्हतं. मी त्याच्या उजवीकडे बसले, जिकडून त्याला दिसत होतं.

"बाबाच्या वक्ताले डॉक्टरनं मले सांगतलं होतं. दोघायनं तपासून घ्या म्हणे. तू खाली औषध आणाले गेला होता. मी तुले सांगतलं नाही."

त्यानं डोळ्यांवर हाताची सावली धरली. मग विचारलं, "तवाच?"

"तवाच."

"अन् मंग आठ वर्ष?"

मी मान हलवली. ती त्याला दिसली की नाही, मला माहीत नाही. तो उठला आणि म्हणाला, "थेंब किती वाजता टाकाचे म्हणे?"

"सकाळी सात, संध्याकाळी सात."

"बरं," म्हणाला आणि भिंतीला हात लावत जिना उतरून गेला. मी हाक मारली नाही. मारायचा हक्क राहिला नव्हता. संध्याकाळच्या एसटीनं अकोल्याला परत आले. डोळ्यांचं जे गेलं ते गेलं, पण हे मी माझ्या हातानं घालवलं, हे सारखं मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला फोन वाजला.

"सात वाजले. टाकलं का?" भावाचा आवाज.

"टाकते. तू?"

"टाकलं." फोन बंद.

तेव्हापासून रोज येतो. सातला, एक मिनिट मागे नाही की पुढे नाही. टाकलं का, टाकलं, आणि बंद. मी एकदा भाचीचं, त्याच्या मुलीचं, विचारलं, त्यानं ठेवून दिला. दसऱ्याला ये म्हटलं नाही, मी गेले नाही. त्या दिवशी घरी एकटीच बसून सुईत दोरा घालून पाहिला. गेला. मग ती सुई डब्यात टाकली आणि थेंबांची बाटली घेतली. त्यानं मला माफ केलेलं नाही आणि माफ कर असं मी त्याला म्हणणारही नाही. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकच आवाज आहे, तो सातला येतो, एवढंच मला माहीत आहे. साडेसहापासून मी फोनजवळ बसते.

गेल्या आठवड्यात त्याची पुन्हा तपासणी होती, त्या घुमटाच्या यंत्रावरची. दवाखान्यात तेव्हाच दिलेली ती तारीख मी लक्षात ठेवली होती. सकाळपासून जेवण गेलं नाही. आणखी काही गेलं असेल तर ते माझ्याच माथी, हे धरून बसले होते.

सातला फोन आला.

"टाकलं का?"

"टाकलं," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "आज तपासणी होती ना रे. काय म्हणे?"

मला वाटलं, ठेवतो आता. दुकानाचा आवाज येत होता, कुणीतरी हाराचा भाव विचारत होतं.

"होतं तेवढं हाये," तो म्हणाला.

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यानंही फोन ठेवला नाही. पलीकडे तो गिऱ्हाइकाशी बोलला, हार बांधून दिला, आणि फोन तसाच चालू होता. थोड्या वेळानं विचारलं, "हायेस ना वं?"

"आहे," म्हटलं.

मग मी खूप रडले. डोळ्यातला थेंब सगळा वाहून गेला, म्हणून बाटली घेऊन तो पुन्हा टाकावा लागला.